अण्णा बसले

उदगावे सर म्हणाले, "आता फक्त श्वास," आणि अण्णा उठून उभे राहिले.

हॉलमध्ये सगळे डोळे मिटून मांडी घालून बसले होते. मीही बसले होते, पण माझं अर्धं लक्ष पहिल्या दिवसापासून अण्णांवरच असायचं. ते ताडकन उठले, दोन बायकांच्या मधून वाट काढत थेट कोपऱ्यात गेले आणि उजवा हात पुढे करून थबकले. कोपऱ्यात एक बंद कूलर होता, बाकी काही नव्हतं. अण्णांनी हात मागे घेतला, इकडेतिकडे पाहिलं आणि चप्पल चुकलेल्या माणसासारखे तिथेच उभे राहिले.

"काका, बसा," उदगावे सर हळूच म्हणाले.

अण्णांना ते ऐकू गेलं नाही. जाणारच नव्हतं. इचलकरंजीत मागावर जन्म काढलेल्या माणसाच्या कानांना हळू आवाज समजत नाही. बोलणाऱ्याचे ओठ दिसले तर अर्थ लागतो. आमच्या घरात सगळेच ओठांवरून आणि हातवाऱ्यांवरून बोलायचे, कारण स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडे आमचे माग चालायचे. सर डोळे मिटायला सांगायचे, आणि डोळे मिटले की सर काय सांगतायत ते अण्णांना कळायचं नाही. म्हणून ते मधूनमधून डोळे उघडून सरांच्या तोंडाकडे बघायचे, आणि सरांना वाटायचं, काका मुद्दाम करतायत.

मी उठले, त्यांचा दंड धरला आणि त्यांना जागेवर आणून बसवलं. शेजारच्या बाई डोळे मिटल्या मिटल्या हसल्या.

हॉल एका पतसंस्थेच्या वर होता. जिना उतरताना मी विचारलं, "अण्णा, मध्येच का उठता?"

"मी कुठं उठलो?"

"उठलात. रोज उठता."

"उद्यापासनं न्हाई उठत," अण्णा म्हणाले. जयसिंगपूरला मी शिकवायचे त्या शाळेतली पोरं गृहपाठाबद्दल असंच सांगायची, म्हणून मला त्या वचनाची किंमत ठाऊक होती.

त्या वर्षी होळीनंतर आमचे माग गेले. नव्या यंत्रांसमोर ते कधीच टिकणार नव्हते. दोन-तीन वर्षं अण्णांनी ओढत नेले, मग एका सकाळी भंगारवाला आला आणि वजनावर घेऊन गेला. अण्णांनी स्वतः नटबोल्ट सोडवून दिले. रडले नाहीत, जेवले नेहमीसारखे. आईला वाटलं, चला, माणूस समजूतदार आहे.

दुसऱ्या दिवसापासून त्यांचं बूड टेकेना. ताटावर बसायचे, दोन घास खायचे आणि उठून रिकाम्या शेडमध्ये जाऊन यायचे. परत बसायचे, परत उठायचे. अंथरुणावर पडले की तेच. दिवसभर घरातल्या घरात चालून त्यांचे पाय सुजले. रक्तदाब इतका चढला की डॉक्टरांनी दोनदा मोजला, आणि त्या दिवशी जयसिंगपूरहून आलेल्या मला बाजूला घेऊन सांगितलं, "गोळ्या देतोय, पण नुसत्या गोळ्यांनी भागणार नाही. यांचं मन एका जागी बसलं पाहिजे. असंच चाललं तर डोक्यातली नस कधीही फुटेल." ध्यानाच्या वर्गाचं नाव त्यांनीच सुचवलं. आईने वर्गाबरोबर देवीलाही कामाला लावलं. "ह्यांना एका जागी शांत बसव, तुझी ओटी भरीन," असं ती चौंडेश्वरीला बोलली. शाळेला मे महिन्याची सुट्टी लागली तशी मी माहेरी आले, ती अण्णांना बसवायचंच असं ठरवून.

सगळ्यात जास्त हाल आईचे होते. ती गल्लीतल्या बायकांना साड्यांना फॉल लावून द्यायची. शिलाई मशीन चालू असलं की अण्णा त्यातल्या त्यात बरे असायचे. ती थांबली की दारात हजर.

"काय तुटलं?"

"काही तुटलं नाही. दोरा ओवतेय."

अण्णा मशीनकडे बघायचे, खात्री करून घ्यायचे आणि जायचे. पाच मिनिटांनी पुन्हा तेच. आई म्हणायची, "ह्या माणसानं मला सुखानं दोरा ओवू द्यायचा नाही असं ठरवलंय."

त्या दिवशी दुपारी मी आईजवळच बटाटे सोलत बसले होते. मशीन थांबलं. अण्णा आले आणि उजवा हात पुढे करून थबकले. तो हात मी सकाळीच पाहिला होता. कूलरपुढे.

मी सुरी खाली ठेवली. त्यांच्यासमोर उभी राहिले, म्हणजे त्यांना माझे ओठ दिसतील.

"अण्णा, डोळे मिटल्यावर काय होतं तुम्हाला?"

"काय होतंय? काय न्हाई."

"मग उठता का?"

 अण्णा अगदी साधं काहीतरी सांगावं तसं म्हणाले, "डोळं मिटलं की सगळं थांबतंय गं. मग वाटतंय, कुठला तर माग बंद पडलाय. बघायला नको?"

मी ह्याच घरात वाढले, तरी हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. कांडीवरचं सूत संपलं किंवा आडवा धागा तुटला की माग आपोआप थांबतो. थांबला म्हणजे कापड थांबलं. इतक्या खडखडाटात एकाच मागाचा आवाज गळला तरी अण्णा जेवत असले तर ताटावरून उठायचे, नवी कांडी घालून हँडल मारायचे आणि परत येऊन त्याच घासाला हात घालायचे. त्यांना आवाजात झोप लागायची. जाग यायची ती आवाज थांबला की. आणि आम्ही त्यांना उचलून एका शांत हॉलमध्ये नेऊन बसवलं होतं.

दुसऱ्या दिवशी वर्ग संपल्यावर मी उदगावे सरांना हे सांगितलं. सर भला माणूस. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले, फी घ्यायचे नाहीत, चहाही स्वतःच्या थर्मासमधून पाजायचे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि बराच वेळ थर्मासचं झाकण फिरवत राहिले.

"असं आहे होय," ते म्हणाले. "शैलाताई, धोका निघून गेला तरी शरीर धोक्याच्या तयारीतच राहतं, त्यालाच आपण ताण म्हणतो. सगळ्यांना गोंगाटात धोका वाटतो म्हणून मी शांतता देतो. ह्यांचं उलटं आहे. मग शांतता कशाला हवी? यांच्या शरीराला जिथं निर्धास्त वाटतं तिथं बसवा. श्वास काय, कुठेही तोच असतो."

"म्हणजे मागाच्या शेडमध्ये?"

"का नको?"

आमच्या पलीकडच्या गल्लीत दस्तगीर मुजावर यांचे माग अजून चालू होते. दस्तगीरचाचा आणि अण्णा पोरवयापासूनचे दोस्त. दोघं एकाच शेटच्या कारखान्यात काम शिकले आणि मग त्यांनी आपापले माग टाकले. मी अण्णांना घेऊन गेले आणि चाचांना सगळं सांगितलं. खडखडाटात अर्धं ओरडून, अर्धं हातांनी.

"ध्यान?" चाचांनी खात्री करून घेतली. "हितं?"

"हो."

"बसू दे की. माझं काय जातंय? कोपऱ्यात खुर्ची टाकतो." आणि मग अण्णांकडे बघून म्हणाले, "इरूपा, साधू झालास व्हय रं?"

अण्णांचं नाव विरूपाक्ष. त्यांना इरूपा म्हणणारा तेवढा एकच माणूस उरला होता.

सर स्वतः आले. त्यांनी अण्णांना खुर्चीत ताठ बसवलं, हात मांडीवर ठेवायला लावले आणि समोर उभं राहून ओठ मोठे हलवत सांगितलं, "श्वास आत. श्वास बाहेर. मन पळालं की परत श्वासावर." अण्णांनी मान हलवली आणि डोळे मिटले.

सुताची पांढरी लव हवेत तरंगत होती. आठही माग धडधडत होते, पायाखालची फरशी थरथरत होती, सरांनी तर कानांवर हात ठेवले होते. आणि अण्णा बसले होते. कपाळावरची आठी हळूहळू सुटली. खांदे खाली आले. मध्ये एकदा एका मागाची कांडी संपली, अण्णांनी डोळे उघडले, तिकडे बोट केलं, चाचा धावले, माग सुरू झाला, अण्णांनी डोळे मिटले. होळीनंतर पहिल्यांदा मी त्यांना असं पाहत होते. माझे डोळे भरून आले. चाचांना वाटलं लव गेली, म्हणून त्यांनी मला पाण्याचा तांब्या आणून दिला.

त्या दुपारी अण्णा घरी येऊन जेवले आणि खाटेवर आडवे झाले. झोप काही लांब लागली नाही, पण लागली. आई मशीनला हात न लावता शेजारी वारा घालत बसली. तिने मला हातानेच विचारलं, श्वास चाललाय ना? मी हातानेच सांगितलं, चाललाय.

मग तो परिपाठच झाला. सकाळी चहा घेऊन अण्णा चाचांकडे जायचे, तासभर बसायचे. डॉक्टरांनी रक्तदाब मोजला आणि एक गोळी कमी केली. घरात फेऱ्या कमी झाल्या. मशीन थांबल्यावर अण्णा येत, पण धावत नव्हे. आईने ओटीसाठी खण आणून ठेवला. मला वाटलं, सुट्टी संपायच्या आत माणूस माणसात येतो.

एका सकाळी मी अण्णांना सोडून निघाले तेव्हा चाचा मला बाहेर नळापाशी घेऊन गेले.

"पोरी, एक सांगतो. मागावर हायत तेवढीच बीमं. नवीन सूत मी उचललं न्हाई."

बीम म्हणजे उभ्या धाग्यांचं सूत गुंडाळलेला मोठा रूळ. तो संपला की नवा चढवायचा. नवा नसेल तर माग उभाच.

"मग?" मी विचारलं. मला कळलं होतं, तरी विचारलं.

"मग काय? जावई म्हणतोय, जागा मोकळी करा, गाळे काढू. माग इकून टाकलेत. बीम सरंल तसा एकेक बंद." चाचा नळाखाली हात धूत राहिले. हात स्वच्छच होते.

"चाचा, अण्णांना सांगू नका. मी बघते काहीतरी."

"त्याला काय सांगायचं? आल्याबरुबर पहिल्यांदा बीमच बघतोय तो. तुला वाटतंय का, त्याला कळलं नसंल?"

मी बघते म्हणाले खरी, पण बघण्यासारखं काही नव्हतं. दुसऱ्या शेडची चौकशी केली. कुणी म्हणालं, परकं माणूस नको, मशीनचा धोका असतो. कुणाचे माग माझ्या डोळ्यांसमोर ट्रकमध्ये चढत होते. मोबाइलवर मागांचा आवाज भरून घेतला आणि घरी अण्णांच्या कानाशी लावून पाहिला. अण्णांनी ऐकला, मोबाइल उलटा करून मागून पाहिला आणि मला परत दिला.

"ह्यात फरशी हलत न्हाई," ते म्हणाले.

पहिला माग बंद झाला तेव्हा अण्णा उठले, त्याच्याजवळ गेले, रिकाम्या बीमवर हात ठेवला आणि परत येऊन बसले. दुसऱ्याच्या वेळी गेले, पण हात लावला नाही. पुढे पुढे ते अर्ध्यातूनच परतायला लागले. शेडमधला आवाज रोज थोडा ओसरत होता. आता चाचांशी न ओरडताही बोलता यायचं, आणि त्यामुळेच असेल, आम्ही कुणी फारसं बोलत नव्हतो. घरी अण्णा नीट जेवत होते. रात्री उठत नव्हते. आई खूश होती. तिला मी मागांचं काही सांगितलं नव्हतं.

एकदा परत येताना मी म्हटलं, "अण्णा, चाचांचे माग बंद होणारच आहेत. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

"मन कुठं लावायचं ते सर सांगतात की," अण्णा म्हणाले. "श्वासावर."

चेष्टा करतायत का ते पाहायला मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. ते समोर बघून चालत होते.

शेवटच्या दिवशी एकच माग चालू होता. मी उदगावे सरांना मुद्दाम बोलावून घेतलं होतं. मला भीती होती की तो माग थांबला की अण्णा पहिल्यासारखे होतील, धावत सुटतील, आणि डॉक्टर म्हणाले होते ते तिथेच, त्या फरशीवर घडेल. पर्समध्ये गोळी होती, बाहेर रिक्षा थांबवून ठेवली होती.

अण्णा खुर्चीत बसले. पाठ ताठ, हात मांडीवर. सर शेजारी स्टूल घेऊन बसले. चाचा मागापाशी उभे होते. बाकीचे सात माग उघडेबोडके उभे होते, त्यांच्या पट्ट्यासुद्धा काढून ठेवल्या होत्या. एकटा माग इतक्या मोठ्या शेडमध्ये फार बारीक वाटत होता. खटक, खटक, खटक. बीमवर सुताचे थोडेच फेरे उरले होते.

आणि बीम संपायच्या आधीच आडवा धागा तुटला. माग थांबला.

मी श्वास धरून अण्णांकडे पाहिलं. माझा हात पर्समध्ये होता.

अण्णा उठले नाहीत.

चाचांनीही हँडल मारलं नाही. ते अण्णांची वाट बघत होते. तेवढं शेवटचं हँडल अण्णांनी मारावं असं त्यांच्या मनात असणार, कारण त्यांनी आडवा धागा नेणाऱ्या धोट्यात नवी कांडी घालून ठेवली आणि बाजूला सरून जागा करून दिली.

"इरूपा," ते म्हणाले. शेडमध्ये आता त्यांचा आवाज घुमला. "तुटला बघ. थोडं कापड हाय अजून. ये, तू लाव."

अण्णांनी ऐकलं. ऐकलं हे मला नक्की माहीत आहे, कारण त्यांच्या उजव्या हाताची बोटं मांडीवर किंचित उचलली गेली. मग ती परत खाली टेकली.

"तुटू दे," अण्णा म्हणाले. डोळे मिटलेलेच होते.

 चाचांनी धोटा काढून घेतला, पुसला आणि शर्टाच्या आत, पोटाशी धरला. माग त्यांनी पुन्हा सुरू केला नाही. उरलेलं सूत बीमवर तसंच राहिलं.

उदगावे सर पाय न वाजवता माझ्याजवळ आले. त्यांचे डोळे ओले होते. "शैलाताई," ते कुजबुजले, "बघा. वीस वर्षांत मी इतकं स्थिर बसलेलं माणूस पाहिलं नाही. जमलं त्यांना." त्यांनी मोबाइल काढून अण्णांचा एक फोटो घेतला. तो फोटो पुढे मोठा करून हॉलमध्ये लावला. अण्णा गेले त्याला आता बरीच वर्षं झाली, पण तो अजून तिथे आहे. नवीन आलेल्या माणसाला सर तो दाखवतात.

 मला हवं होतं तेच झालं होतं. अण्णा बसले होते. मी हातातली गोळी परत पर्समध्ये सोडली, जाऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "चला, घरी जाऊ." ते लगेच उठले. रिक्षात बसवलं तिथे बसले, घरी उतरवलं तिथे उतरले. वाटेत त्यांनी कशाकडेही पाहिलं नाही.

"बसले?" दारातच आईने विचारलं.

"बसले."

"उठले नाहीत?"

"नाही."

आईने तिथूनच देवीच्या दिशेने हात जोडले. दुसऱ्या दिवशी सकाळी ती न्हाऊन, ठेवणीतलं लुगडं नेसून तयार झाली. ताटात खण, नारळ, तांदूळ, हळकुंड. अण्णा ओसरीवर खुर्चीत बसले होते. आई त्यांच्यासमोर उभी राहून म्हणाली, "येताय का देवीला?" त्यांनी मान हलवली नाही, नको म्हणालेही नाहीत. "बरं, बसा," आई म्हणाली. आम्ही दोघी गेलो, ओटी भरली, प्रसाद घेऊन दोन तासांनी परत आलो. अण्णा त्याच खुर्चीत होते. ऊन सरकत येऊन त्यांच्या तोंडावर पडलं होतं. त्यांनी खुर्ची हलवली नव्हती, डोळ्यांवर हातही धरला नव्हता.

आईने ताट खाली ठेवलं. मी खुर्ची सावलीत ओढली. अण्णांसकट ती सहज सरकली.

दुपारी मी भांडी घासत होते. आतून मशीनचा आवाज आला, मग थांबला. पुन्हा आला, पुन्हा थांबला. आता कुणाची साडी घेऊन बसली म्हणून मी हात पुसत डोकावले. मशीनवर कापड नव्हतं, सुईत दोराही नव्हता. आई थोडं पायडल मारायची, थांबायची आणि दाराकडे बघायची. मग पुन्हा पायडल मारायची.

ती तिन्हीसांजेपर्यंत तसंच करत राहिली. अण्णा आले नाहीत.